एमरी जादिनची गढूळ बियर

१

एमरी जादिन मेला तो आपल्या घराच्या तळघरात, आपल्या जुन्या खुर्चीत, समोर बियरची अर्धी बाटली ठेवून. अमेरिकेतल्या खाडीकाठच्या त्या बेल्जियन वस्तीत यापेक्षा बरं मरण कुणी मागितलं नसतं. सकाळी त्याची सून मार्लिस कॉफीसाठी हाका मारून थकली, तेव्हा जिना उतरून खाली गेली. ग्लासात दोन घोट उरले होते आणि म्हातारा गार पडला होता.

ओडील मासार आली. ती काउंटीची कॉरोनर होती. कोण कशाने मेलं ते ठरवून सही करायची, हे तिचं काम. पूर्वी नर्स होती, मग लोकांनी मतं देऊन या कामावर बसवलं. चर्चच्या दारात ती दिसली की गावातले म्हातारे म्हणायचे, "आम्हाला अजून वेळ आहे गं ओडील, तू हो पुढे." एमरीही तसंच म्हणायचा.

एमरीचं हृदय अधू होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. ओडीलने मात्र, एकट्याने मेलेल्या माणसाच्या बाबतीत ती नेहमी करायची तसं, रक्त तपासायला पाठवलं आणि ग्लासातले दोन घोट कुपीत भरून, ती अर्धी बाटली घट्ट बूच लावून शेरीफच्या ऑफिसातल्या फ्रीजमध्ये ठेवायला दिली. यात संशय नव्हता, नुसती सवय होती.

रक्ताचा निकाल आला आणि तिला त्या सवयीचा पश्चात्ताप झाला. एमरीच्या रक्तात झोपेचं औषध होतं, आणि बैल आडवा होईल इतकं होतं.

"त्या घरात झोपेच्या गोळ्या कोण घेतं?" शेरीफ टेस्केने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

दोघं पुन्हा तळघरात उतरली. बाहेर पाऊस नव्हता, पण खाडीवरून आलेलं धुकं खिडकीला चिकटून बसलं होतं. कोपऱ्यात तांब्याचं मोठं पातेलं पालथं घातलेलं, भिंतीशी बाटल्यांच्या पेट्या. जुन्या फ्रीजमध्ये पाहुण्यांसाठी काही बाटल्या गार करत ठेवलेल्या होत्या. टेस्केने त्यातली एक उघडून ग्लासात ओतली आणि ग्लास बल्बसमोर धरला.

"हे बघा बाई," तो हळूच म्हणाला. "यात काहीतरी घोळलंय."

बियर पातळ ताकासारखी गढूळ होती. त्याने दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्याच तशा होत्या.

२

मार्लिस स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर आलुबुखारचे पाय, फळांचा गर भरलेल्या गोड रोट्या, झाकून ठेवलेले होते, केरमिससाठी भाजलेले. सुगी झाली की गावात हा सण असतो. प्रार्थना, बँड, जेवण आणि मग ज्याने त्याने आपापली बियर काढायची. या वर्षी त्या घरात सण होणार नव्हता, पण पाय कुणी टाकून देत नाही.

"त्या संध्याकाळी तू कुठे होतीस?" ओडीलने विचारलं.

"चर्चच्या हॉलमध्ये. सगळ्या बायका तिथेच भाजत होत्या. बाबांसाठी चुलीवर बुया ठेवून गेले होते." बुया म्हणजे कोंबडीचं दाट सूप, त्या वस्तीत ते प्रत्येक घरी शिजतं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. "परत आले तर तळघरात दिवा होता. म्हटलं, बसलेत बाटल्या मोजत. मी गोळी घेतली आणि झोपले."

"बाटलीतल्या गोळ्या कमी झाल्यात, हे लक्षात आलं नाही?"

"ओडील, मी त्या मोजून घेत नाही. मला फक्त झोप यावी एवढंच हवं असतं."

ती का झोपू शकत नाही, हे विचारायची गरज नव्हती. दोन हिवाळ्यांमागे, मार्चमध्ये, खाडीवरचा बर्फ पातळ झालेला असताना तिचा नवरा लिऑन पिकअप घेऊन त्यावर गेला आणि गाडीसकट बुडाला. मार्चमध्ये शहाणा माणूस बर्फावर गाडी घालत नाही. त्या सकाळी नवराबायकोचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. गावाने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि लिऑनने जीव दिला असं ठरवून टाकलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मार्लिसला ते रोज ऐकू येत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे तिलाही ते पटलं होतं.

"लोक काय म्हणतात, मला माहीत आहे," ती म्हणाली. "आधी नवऱ्याला घालवलं, आता सासऱ्याला. पण या गावात माझ्याशी नीट बोलणारं एकच माणूस होतं हो. त्याला मी कशाला मारू?"

ओडीलला तिचा हात धरावासा वाटला. पण कॉरोनरने संशयिताचा हात धरायचा नसतो, म्हणून तिने कॉफीचा कप धरला.

"शेवटचे काही दिवस एमरी कसा होता?"

"गप्प. बाटल्या भरल्या त्या दिवसापासून. त्यांचे जुने सोबती ह्युबर्टकाकासुद्धा आले नाहीत परत. मी विचारलं तर म्हणाले, केरमिसच्या आत तुला एक गोष्ट कळेल, तोवर मला काही विचारू नकोस."

"काय गोष्ट?"

"तेच तर," मार्लिस म्हणाली. "ती त्यांच्याबरोबरच गेली."

३

एमरीच्या चेरीच्या बागेवर डोळा ठेवून असलेला एक पुतण्या होता, वेंडेल. त्याला तिथे मोटेल बांधायचं होतं. पण त्या संध्याकाळी तो गुत्त्यावर बसून फुटबॉलवरून अर्ध्या गावाशी भांडत होता आणि त्याचा आवाज उरलेल्या अर्ध्या गावाने ऐकला होता. ओडीलला तो खुनी निघाला असता तर बरं वाटलं असतं; पण माणूस नावडता आहे एवढ्यावर त्याला लटकवता येत नाही.

मग ती ह्युबर्ट लाम्परेरकडे गेली. ह्युबर्ट आणि एमरी शाळेपासूनचे सोबती. चीजच्या कारखान्यात जोडीने काम केलं, आणि तरुणपणापासून दोघं एकाच पातेल्यात बियर शिजवत आले. एमरीच्या तळघरात एकच घाणा चढायचा, आंबला की दोघं तो अर्धा अर्धा वाटून घ्यायचे आणि पुढे ज्याचं त्याने पाहायचं. कुणाची चांगली, हा वाद केरमिसला सगळ्या गावासमोर मिटवायचा. मिटायचा मात्र कधीच नाही.

"टेस्के त्या पोरीला गाढवासारखा छळतोय," ओडीलला खुर्ची देत ह्युबर्ट म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "म्हणे बियर गढूळ आहे म्हणजे विष आहे! अरे, एमरीची बियर गार केली की गढूळच होते. जन्मभर होत आली."

"का रे?"

"जवातली प्रथिनं आणि हॉप्सच्या कडू फुलांचा तुरटपणा. ऊब असेल तोवर आपापले सुटे असतात. थंडी लागली की एकमेकांना घट्ट धरतात आणि बियर धुरकट होते. पुन्हा कोमट कर, सुटतात, काचेसारखी स्वच्छ. त्याला आम्ही थंडीचं धुकं म्हणतो. पोटाला काही होत नाही, चवही तीच. फक्त दिसायला वाईट."

"मग तो काही करत का नव्हता?"

"हट्टी होता ना म्हातारा!" ह्युबर्ट हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. "म्हणायचा, बियर तोंडाने पितात, डोळ्यांनी नाही. तळघराच्या गारव्यात तीही स्वच्छच दिसते म्हणा. पण मी नाही खपवून घेत. माझा वाटा घरी आणून आधी चांगला गोठायच्या बेतात गार करतो, धुकं धरू देतो, मग त्यात जिलेटिन सोडतो. सगळा गाळ तळाशी. वरची नितळ तेवढी बाटलीत भरायची. माझी बियर बर्फात पुरून ठेव, तरी पलीकडचं पेपर वाचता येईल."

"या घाण्याची दे ना मग एक."

"केरमिसच्या आधी? सोडून बोल! या घाण्याची माझी एकही बाटली अजून या घराबाहेर गेलेली नाही. एमरीलासुद्धा दिली नाही."

"तू त्याला शेवटचा कधी भेटलास?"

"बाटल्या भरल्या तेव्हा. मग पाठ धरली माझी, घरीच होतो."

निघताना ह्युबर्टने तिचा हात दाबला. "त्या पोरीला सोडव गं," तो म्हणाला. "तिने पुष्कळ सोसलंय." ते तो मनापासून म्हणाला, याबद्दल ओडीलला पुढेही कधी शंका वाटली नाही.

४

ह्युबर्टचं म्हणणं खरं ठरलं. फ्रीजमधल्या गढूळ बाटल्यांत औषधाचा कणही सापडला नाही. टेबलावरच्या अर्ध्या बाटलीत नाही, ग्लासातल्या दोन घोटांतही नाही. बियर निर्दोष सुटली आणि त्याच दिवशी मार्लिस अडकली.

"बियरमधून नाही, म्हणजे बुयामधून," टेस्के म्हणाला. "आणि बुया कुणी शिजवलं? पातेलंही घासून ठेवलंय तिने. मला हौस नाही बाई, पण माझ्यापुढे दुसरं नाव ठेवा, मी हिला सोडतो."

ओडीलपुढे दुसरं नाव नव्हतं. ऑफिसामागच्या कोठडीतून मार्लिसचा आवाजही येत नव्हता, आणि रडण्यापेक्षा ते जास्त ऐकवत नव्हतं.

"तपासून परत आलेल्या बाटल्या कुठे आहेत?"

"फ्रीजमध्ये. माझ्या डब्याशेजारी."

ओडीलने फ्रीज उघडला. ह्युबर्टने सांगितलेलं तिला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं, एवढंच. एमरीच्या फ्रीजमधल्या बाटलीतली बियर तिने ग्लासात ओतली. गढूळ. ग्लास हिटरवर ठेवला आणि ती शेजारी उभी राहिली. हळूहळू धुरकटपणा विरला, आणि थोड्या वेळाने ग्लासातून टेस्केच्या शर्टाची बटणं दिसायला लागली.

"जादू झाली," टेस्के म्हणाला. "आता मी जेवू?"

 ओडीलने दुसरी बाटली काढली होती, एमरीच्या हाताशी सापडलेली ती अर्धी. तीही इतके दिवस त्याच फ्रीजमध्ये, त्याच कप्प्यात, गढूळ बाटल्यांना खेटून उभी होती. तिने ती ओतली. काच हातात धरवेना इतकी गार होती.

बियर मात्र नितळ होती.

तिने ग्लास खिडकीशी नेला, फिरवून पाहिला. तिला आनंद झाला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी तिने ग्लास पटकन खाली ठेवला, कारण आता तिच्यापुढे दुसरं नाव होतं, आणि त्या माणसाने शाळेत तिची पाटी पुसून दिली होती.

"टेस्के, डबा ठेवून द्या," ती म्हणाली. "आपल्याला एकाकडे जायचंय."

५

ह्युबर्टच्या घरी तिने थंडपेटी टेबलावर ठेवली आणि तीन ग्लास मागितले. टेस्के दाराशी उभा राहिला.

"मला यातलं कळत नाही," ती म्हणाली. "तू ओळखून दे. एक तुझ्याच पेटीतली आहे, टेस्केने आत्ता तुझ्या बायकोकडून मागून बर्फात घातलेली. बाकीच्या दोन मी आणल्यात."

"केरमिसच्या आधी!" ह्युबर्ट कुरकुरला. पण त्याचे डोळे ग्लासांवर गेले होते. ही माणसं चर्चमध्ये उशिरा येतील, पण कुणी ग्लास पुढे केला तर उजेडात धरल्याशिवाय राहणार नाहीत. त्याने पहिला उचलला.

"ही एमरीची. एवढं तर टेस्केलाही कळेल." ग्लास त्याने जपून खाली ठेवला. दुसरा उचलला, तेव्हा त्याचे खांदे नकळत ताठ झाले. "ही माझी. बघ, बघ पलीकडचं." मग तिसरा. वास घेतला, जिभेवर एक थेंब घेतला. "हीसुद्धा माझीच. पण फेस मेलाय पार. शिळी झाली. कधी उघडलीस ही?"

"मी नाही उघडली," ओडील म्हणाली. "ती एमरीच्या टेबलावर होती. त्याच्या हाताशी."

ह्युबर्टने ग्लास खाली ठेवला नाही. तो हातात तसाच धरून राहिला.

"तूच सांगितलंस," ती म्हणाली. "एमरीची गार झाली की गढूळ होते, चुकत नाही. इतके दिवस फ्रीजमध्ये राहून जी नितळ राहिली ती एमरीची नव्हे. घाणा तोच, बाटली तीच, बूच तेच. फरक फक्त जिलेटिनचा. आणि तुझी एकही बाटली घराबाहेर गेली नव्हती, हेही तूच सांगितलंस. मग ती बाटली तिथे गेली ती तुझ्याबरोबर. तळघरात दोन्ही सारख्याच दिसतात रे, म्हणून तुझ्या ध्यानात आलं नाही. ती पुढे फ्रीजमध्ये जाईल, हे तुला कुठे माहीत होतं?"

"आणि त्याच ग्लासात औषध होतं," टेस्के दारातून म्हणाला. "मग ग्लास धुऊन पुन्हा त्यात दोन घोट ओतले. खरं की नाही?"

ह्युबर्ट बसला. त्याने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"तो आपली देईना मला," तो म्हणाला. "म्हणाला, तुझ्यासारख्याला मी बियर पाजत नाही. म्हणून मी माझी काढली. म्हटलं, एक तरी घे. प्यायला आणि काय म्हणाला माहीत आहे? दिसते पाण्यासारखी आणि लागतेही पाण्यासारखी." तो हसला की रडला ते कळलं नाही. "कडवट लागली असेल, पण हॉप्सच्या कडवटपणात..."

"का, ह्युबर्ट?"

"लिऑन एकटा नव्हता बर्फावर."

टेस्केने मागे दार लोटून घेतलं.

"हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायची माझी खोपटी बर्फावरच राहिली होती. ओढून आणायला मीच त्याला बोलावलं. तो म्हणाला, मार्च आहे ह्युबर्टकाका, बर्फ धरणार नाही. मी म्हटलं, भितोस काय पोरा, मी पुढे चालून दाखवतो. मी पुढे होतो. मागे आवाज झाला. वळलो तर गाडी नव्हती. तो बर्फाची कड धरून होता. मी दोन पावलं गेलो, पायाखाली बर्फ बोलायला लागला, आणि मी पळालो. काठाला येऊन लोकांना बोलवावं, तर लोक विचारणार, तू कसा वाचलास? मग सगळे म्हणायला लागले की त्याने जीव दिला. मी म्हटलं, म्हणू देत."

"दोन वर्षं?"

"बाटल्या भरताना राहवलं नाही. एमरीला सांगितलं. वाटलं, रडेल, मारेल, मग माफ करेल. तो म्हणाला, केरमिसच्या आत तू मार्लिसला सांग, नाहीतर मी प्रार्थनेनंतर सगळ्यांपुढे सांगतो. गावापुढे, ओडील! माझ्या नातवंडांपुढे! गोळ्या त्याच दिवशी निघताना तिच्या कपाटातून काढल्या होत्या. तिच्यावर येईल हे खरंच मनात नव्हतं. हृदयाने गेला, असंच म्हणतील वाटलं."

"म्हणतच होते," ओडील म्हणाली.

६

मार्लिसला सोडवून घरी न्यायचं काम टेस्केचं होतं, पण ते ओडीलने मागून घेतलं. धुकं अजून उठलं नव्हतं. गाडीत तिने सगळं सांगितलं. आजवर कितीतरी घरांत वाईट बातम्या देऊन झाल्या होत्या, पण या वेळी दर वाक्याला तिचा धीर सुटत होता. एका निरपराध बाईची सुटका व्हायला तिच्या नवऱ्याचं मरण पुन्हा तिच्यासमोर मांडावं लागत होतं, आणि पहिल्यापेक्षा भयंकर करून.

मार्लिस एमरीबद्दल ऐकून रडली. लिऑनबद्दल ऐकताना रडली नाही. घर आलं तरी ती गाडीतून उतरली नाही.

"ह्युबर्टकाका किनाऱ्याला पोहोचेपर्यंत लिऑन पाण्याच्या वर होता?"

"हो."

"काही बोलला?"

ओडीलने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हे ह्युबर्टने सगळ्यात शेवटी, हातात बेड्या पडल्यावर सांगितलं होतं, आणि ते लपवावं असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण त्या डोळ्यांपुढे तिला खोटं बोलता आलं नाही.

"हाका मारत होता. 'काका, दोर टाका, मला बाहेर काढा.' ह्युबर्ट म्हणतो, रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मार्लिस, मला माफ कर, हे तुला..."

"बाहेर काढा म्हणाला?"

"हो."

मार्लिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओडीलने आता कॉरोनर वगैरे काही न आठवता तिला जवळ ओढून घेतलं. मग आपल्या खांद्याशी तिला मार्लिसचा आवाज ऐकू आला.

"म्हणजे त्याला घरी यायचं होतं."